पाहुण्यांचा माठ

इतवाऱ्याच्या बाजारात परवा हरभरा आला. हातगाडीवर मुळासकट उपटलेल्या हिरव्या पेंड्या, मुळांना अजून काळी ढेकळं चिकटलेली. ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी करावी म्हणून दोन पेंड्या घेतल्या आणि रिक्षात बसल्या बसल्या बोटं चाटली. आधी आंबट लागलं, मग त्याच्या मागून जरासं खारट. खरं तर खारट लागायला नको, पण मला लागलं. गाडीवाल्याला गाव विचारायची गरज उरली नाही. घरी आल्यावरही तेच करताना बघून सून म्हणाली, "आई, न धुता काय तोंडात घालताय?" सून पुण्याची. गुणाची पोरगी आहे, पण तिला हे सगळं कुठून सांगायला घ्यावं ते मला अजून जमलेलं नाही. म्हणून इथं लिहायला बसले.

माझं सासर खारपाणपट्ट्यातलं. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांमधून पूर्णा वाहते, आणि तिच्या दोन्ही अंगांना जी गावं आहेत त्यांच्या जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा की बोअर मारा, खारंच लागणार. ते पिकाला चालत नाही. पावसाची ओल जमिनीत उरते तिच्यावर जे येईल ते घ्यायचं, म्हणजे हिवाळ्यात हरभरा. पौषात गावाबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना हरभराच. रात्री त्याच्या पानांवर आंबट दव धरतं, त्याला आम्ही आंब म्हणतो. संध्याकाळी जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं पिकावर अंथरून ठेवायचं, पहाटे ते ओलंचिंब उचलून कल्हईच्या पातेल्यात पिळायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. वर्षभर कोणाचं पोट दुखलं की त्यातलं चमचाभर. आमच्या घरी हे काम माझा दीर गजानन करायचा. कुडकुडत जायचा, परत आला की चुलीपुढे बसून तळहात आमच्या नाकाशी धरायचा. "वैनी, वास घ्या. चहाची तलफ जाते का नाई सांगा." जायची नाही, पण मी जाते म्हणायचे.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी घडवंचीवरचे दोन माठ दाखवले होते. डावीकडचा आपला, उजवीकडचा पाहुण्यांचा. डावीकडच्यात विहिरीचं खारं. उजवीकडच्यात लांबून बैलगाडीनं आणलेलं गोडं. त्या गोड्यावर डाळ शिजायची, कारण खाऱ्यात डाळ तासभर उकळली तरी दगड ती दगड. चहा त्याच पाण्याचा, नाहीतर दूध फाटायचं. आणि उंबरा ओलांडून जो येईल त्याच्या हातात गडवा द्यायचा तो उजवीकडचा. मांडव उतरेपर्यंत मला उजवीकडचं मिळालं. मग एके दिवशी दुपारी जेवताना घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "आता घरची झाली तू." मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

माझं माहेर हिवरखेडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं पाणी गोड. संत्र्याच्या बागा, केळी, पाटाला खळखळ. इतर सासुरवाशिणी माहेराहून पापड-कुरड्या आणतात, मी पाण्याचे डबे आणायचे. कंडक्टर ओळखायचा. म्हणायचा, "मॅडम, डब्यायचं अर्धं तिकीट लावू का?" मी गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते, म्हणून मॅडम. गजाननही माझ्याच वर्गातून गेला. मॅट्रिकला इंग्रजीत अडकला आणि त्याचं खापर त्यानं जन्मभर माझ्यावर फोडलं.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या वर्षांत वऱ्हाडात पांढऱ्या गाड्या फार यायच्या. शेतीचे दिवस वाईट होते. मुंबई-दिल्लीची माणसं यायची, वही उघडायची आणि एकच विचारायची, गावात कोणी फवारणीचं औषध घेतलं का. घेतलं असेल तर ते घर दाखवा. नसेल तर गाडी वळायची. आमच्या गल्लीत त्याआधी ओळीनं माणसं गेली होती, पण ती पाय सुजून, तोंड सुजून, लघवी बंद होऊन गेली होती. त्यांच्यासाठी कोणाच्या वहीत जागा नव्हती. ज्या मरणाबद्दल कोणी विचारत नाही त्या मरणाबद्दल माणसंही बोलायची सोडतात. आम्हीही सोडलं होतं. कोणी गेलं की 'किडनीनं गेला' म्हणायचो, जणू ते एखाद्या गावाचं नाव असावं आणि माणूस तिथं राहायला गेला असावा.

मग गजाननचे पाय सुजले.

हरभरा फुलावर होता. तो बांधावर बसून चप्पल काढत होता आणि चप्पल निघेना. शोभानं, त्याच्या बायकोनं, हसून ओढली तर पट्ट्याचा वळ पायात उमटलेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, पुढेमागे मशीनवर रक्त धुवावं लागेल. ते मशीन तेव्हा आमच्या तालुक्यात नव्हतं. आठवड्यातून दोनदा अकोल्याची पहाटेची एसटी धरायची आणि मावळल्यावर परतायचं, हे त्याच्या नशिबी लवकरच आलं.

हा माणूस आजारी पडून गप्प बसता तर मी ओळखलं असतं की घाबरलाय. तो गप्प बसला नाही. त्यानं डॉक्टरांनाच विचारलं, "साहेब, आमच्या गल्लीतच काहून?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, पाण्याची शंका आहे, पण सिद्ध व्हायला वर्षं लागतील. गजानन म्हणाला, "सिद्ध होऊ द्या तुमच्या हिशेबानं. तवर आमी गोडं पाणी मांगतो." आणि त्यानं समिती काढली. गोडं पाणी समिती. मागणी एकच, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून आमच्या गावांपर्यंत पिण्याच्या पाण्याचा पाइप.

तो हिवाळा आठवला की मला खळं आठवतं. आमच्या खळ्यात उन्हं अंगावर घेत सतरंजीवर बैठका व्हायच्या. मधोमध भाजलेल्या हरभऱ्याचा ढीग, सगळ्यांची बोटं काळी. पट्ट्यातल्या गावांची माणसं यायची. डॉक्टर रविवारी यायचे. आमचा जुना व्यापारी युसूफभाई यायचा. दर माघात हरभरा घ्यायला येणारा माणूस, त्याचा धाकटा भाऊ याच दुखण्यानं गेलेला. आणि बाया यायच्या. पाणी आणणाऱ्या त्याच, त्यामुळे त्यांना कोणी बोलावलं नव्हतं तरी त्या यायच्या. डॉक्टरांना अभ्यास हवा होता, बायांना डोक्यावरचा हंडा उतरवायचा होता, युसूफभाईला भावाचं उत्तर हवं होतं, आणि एक-दोघांना पुढची निवडणूक दिसत होती. मी तेव्हा वर्गात नागरिकशास्त्र शिकवायचे. कायदा कसा होतो, योजना कशी मंजूर होते, सगळं पाठ. खरं नागरिकशास्त्र मला त्या सतरंजीवर कळलं. कोण कोणाच्या शेजारी बसलंय आणि उठताना कोण कोणाबरोबर उठतंय, एवढं बघितलं की पुढचं बरंचसं कळतं.

संक्रांतीला माहेरी गेले. माझा मोठा भाऊ, दादा, तिकडच्या बागायतदारांचा पुढारी. मी हातपाय धुऊन पाणी प्यायले, एक तांब्या, मग दुसरा. दादा बघत होता. मला वाटलं, बोलायला हीच वेळ बरी.

"दादा, पाइपाले तुमचा विरोध हाये म्हणते."

"हाये," तो म्हणाला. "तूच सांग कुसुमे, धरण झालं तवा वावर कोणाचं बुडालं? आपल्या बापाचं. तवा तुया सासरचं एक माणूस आलतं का इचाराले? आता पाणी दिसून राहिलं त सारे जण नळ घेऊन उभे."

"पिण्यापुरतंच मांगून राहिले ना."

"आज पिण्यापुरतं. उद्या तालुक्याच्या गावाले, परवा कारखान्याले. संत्र्याची झाडं उन्हाळ्यात एकदा वाळली का मंग परत होत नाईत."

मी गजाननचे पाय सांगितले. दादाचं तोंड उतरलं. गजाननच्या लग्नात तो नाचला होता. हातातला तिळाचा लाडू फिरवत तो म्हणाला, "त्याले इकडं आणून ठेव. मी सांभाळतो. पन पाइपाचं मले म्हणू नको." निघताना आईनं नेहमीसारखे दोन डबे भरून दिले. दादानं ते स्वतः एसटीत चढवून दिले. मी त्याच्यावर चिडू शकले नाही. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

त्याच सुमाराला तालुक्यात कॅनवाले आले होते. खारं पाणी यंत्रातून काढून गोडं करायचं आणि निळ्या कॅनमधून घरोघरी पोचवायचं. त्यांना पाइप नको होता, हे उघड आहे. दादाची आणि कॅनवाल्यांची उभ्या जन्मात भेट झाली नसेल. पण वर मुंबईला जेव्हा कागद हलायचा तेव्हा दोघांचं वजन एकाच पारड्यात पडायचं. आम्ही समितीतले भाबडे लोक समजायचो की समोरची बाजू म्हणजे कुठंतरी बंद खोलीत बसून कट करणारी माणसं. तसं काही नव्हतं. माझा सख्खा भाऊ होता तो, आपल्या झाडांच्या काळजीनं झोप उडालेला.

माघ लागला आणि निरोप आला. मुंबईहून पाहणी करायला साहेब येणार. पांढरी गाडी यावेळी आपल्यासाठी येणार, म्हणून गावाला हुरूप आला. आदल्या दिवशी खळ्यात बसून तयारी ठरली आणि तिथंच ते झालं, ज्याचा विचार मी इतकी वर्षं करत आले आहे.

युसूफभाई म्हणाला, "गजूभाऊ, माही एक आयडिया आयका. भाषणं नका करू. साहब गाडी से उतरा के पहलेच त्याले खारं पाणी द्या. कडक उनातून येईन, गटागटा पिईन, एक घोट में समझ जाएगा."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे." मीही म्हटलं, द्यावं. चहाही त्याच पाण्याचा करू, दूध फाटलेलं दिसू दे. डाळही त्यातच लावू.

गजाननचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही त्याला चोरी करायला सांगतोय असं वाटावं.

"पावण्याले खारं पाजाचं?"

"एक दिवस," मी म्हटलं.

"वैनी, आपल्या घरी अस्सं आजपावतो झालं का? माही बुढी माय असती त तिनं हाकललं असतं मले. दारी आलेल्या माणसाले पयले गोडं. मंग सांगू ना आपन, आमचं खारं हाये म्हनून. मंग पाजू थोडं. आईकल्यावर समजत नाई का मानसाले?"

बाया त्याच्या बाजूच्या होत्या. एकीनंही खारं पाणी हातात धरून पाहुण्यापुढे जायला होकार दिला नसता, आणि मनातून मीही नसता दिला. युसूफभाईनं दोन्ही हात वर केले. "ठीक है बाप्पा. तुमचा गाव, तुमचा पावना."

साहेब आले. भला माणूस होता, हे आधीच सांगते. सतरंजीवर मांडी घालून बसला. शोभानं उजवीकडच्या माठातलं पाणी दिलं. त्यांनी गडवा रिकामा केला, आणखी मागितलं. आल्याचा चहा झाला. मग जेवण. भाकरी, सोल्यांची भाजी, आणि मऊ शिजलेलं तुरीचं वरण. साहेबांनी वरण दोनदा घेतलं आणि म्हणाले, "पाणी तर चांगलं आहे की हो तुमचं."

गजानन हात जोडून म्हणाला, "साहेब, हे आणेल पाणी हाये. आमी पितो ते येगळं."

"म्हणजे गोडं पाणी मिळतं तर गावात," साहेब म्हणाले. टोचून नाही बोलले. मनात नोंद करावी तसं बोलले.

मग शोभा डावीकडच्या माठातलं घेऊन आली. साहेबांनी ते हातात घेतलं, बघितलं. दिसायला पाणी पाण्यासारखंच. बरोबरचा तरुण अधिकारी हळूच म्हणाला, "सर, बाहेरचं उगाच नको. पुढे अजून दोन गावं आहेत." साहेबांचं पोट भरलेलं, तहान भागलेली. त्यांनी ओठाला लावल्यासारखं केलं आणि गडवा खाली ठेवला. गाडी गेली. धूळ बसल्यावर युसूफभाई त्या गडव्याकडे बघत म्हणाला, "पेट भरने के बाद कोई जहर भी दे तो आदमी नहीं पीता भाभी." आणि उठून त्यानं ते पाणी हरभऱ्यात ओतलं.

कोणी म्हणेल, एका घोटानं काय योजना अडते का? माहीत आहे. पाइप महाग होता, धरणाकडचे बागायतदार विरोधात होते, कॅनवाल्यांचा गोतावळा मोठा होता. एका घोटावर काही अडलं नसावं. पण मला रात्री तो गडवाच आठवतो, जमिनीवर ठेवलेला, काठोकाठ भरलेला. आमची सगळी बाजू त्याच्यात होती आणि आम्ही ती शेवटी वाढली.

थोड्या दिवसांनी डॉक्टर आले ते बातमी घेऊन. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त धुण्याचं मशीन बसू शकतं. पुढारी तयार आहेत, कारण मशीन वर्षाच्या आत बसतं आणि त्याची फीत कापता येते. पाइपाची फीत कापेपर्यंत तीन पुढारी बदलतात. त्या मशीनला अतिशय शुद्ध पाणी लागतं. ते शुद्ध करायचं यंत्र कॅनवाले फुकट देणार आहेत. फक्त समितीनं आपली पहिली मागणी मशीन अशी करायची. पाइप दुसरी.

"दोन्ही पहिल्या नाही ठेवता येणार?" मी विचारलं.

"दोन्ही मागितलं तर दोन्ही जाईल," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते बोलताना आनंद होत नव्हता. "एकदा मशीन आलं की पुन्हा पाइपासाठी भांडू. माणसं जिवंत राहिली तर भांडतील."

हे पटण्यासारखं होतं. माझ्या आयुष्यातली बरीच नुकसानं पटण्यासारख्या बोलण्यातून झाली आहेत.

हरभरा काढून झाला होता. खळ्यात त्याचा ढीग पडलेला, कुटाराची धूळ उडत होती, सगळ्यांचे आवाज घोगरे झालेले. गजानन आदल्या दिवशी मशीनवर जाऊन आला होता, तोंड पांढरं पडलं होतं. सगळे बोलून झाले तेव्हा तो बोलला. जेवढं आठवतं तेवढं लिहिते. "मशीन मले लागते. पाइप पोरायले लागते. मी त आता खराब झालोच. माह्यासाठी म्हनून पोरायचं पाणी नका सोडू."

मग कोणीतरी म्हणालं, मशीन आधी म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

कोणी करेना. कसा करणार, त्याच्यासमोर? आणि कसा नाही करणार, त्याच्यासमोर? तेव्हा बायांच्या घोळक्यातून शोभाचा हात वर गेला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. नवऱ्याकडे न बघता, समोर ढिगाकडे बघत, तिनं हात वर धरून ठेवला. मग मी केला. मग युसूफभाईनं, मग डॉक्टरांनी, मग सगळ्यांनी. गजानन एकटा हात मांडीवर ठेवून बसला होता. रागावला नाही. शोभाकडे बघून एवढंच म्हणाला, "हात खाली घे आता, दुखीन." आजही तो प्रसंग पुढे आला तर मी हातच वर करीन. म्हणून तर जीव जास्त जळतो.

मशीन आलं. पहिला पेशंट म्हणून गजाननच्या गळ्यात हार घालून फोटो काढला. भिंतीपलीकडे कॅनवाल्यांचं यंत्र घुमायचं आणि त्यातून निघालेल्या नितळ पाण्यानं आमच्या गावच्या माणसांचं रक्त धुतलं जायचं. रक्त धुवायला गोडं पाणी मिळालं, घोटभर प्यायला तेवढं मिळालं नाही. समिती मोडली असं कधी झालं नाही. नुसती सतरंजी अंथरायची राहिली. डॉक्टरांची बदली झाली. त्यांचं दिवाळीला पत्र यायचं. ज्या एक-दोघांना निवडणूक दिसत होती, त्यातला एक निवडून आला. पाइपाचं विचारलं की लोकच म्हणायचे, अरे मशीन आली ना आता. एखादी गोष्ट मिळाली की मागायचं तोंड बंद होतं, हे देणाऱ्यांना आमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

गजानन त्या मशीनवर बरीच वर्षं जगला. लेकीचं लग्न बघितलं त्यानं. मला हिशेब घालायचा नाही, पण ती वर्षं खरी होती, त्यातला प्रत्येक पाडवा, प्रत्येक पोळा खरा होता. मशीन आलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणाले तर माझी जीभ झडेल.

फक्त एक होतं. मशीनवर असलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. शरीर बाहेर टाकत नाही ना. शोभा सकाळी वाटीनं मोजून त्याचं दिवसाचं पाणी एका तांब्यात काढून ठेवायची, लहानशी स्टीलची वाटी, कडेला पोचा आलेली. ज्या माणसानं साऱ्या पट्ट्यासाठी पाणी मागितलं, तो उन्हाळ्यात त्या वाटीकडे टक लावून बसायचा. आंबही डॉक्टरांनी बंद केली होती. तरी पौषात तो पहाटे वावरात जायचाच. फडकं उचलायचा, पिळायचा नाही. तसंच ओलं दोन्ही डोळ्यांवर ठेवून बांधावर उताणा पडायचा. एकदा मी विचारलं, "भाऊजी, काय करून राहिले?" म्हणाला, "वास प्याले मनाई नाई ना केली डॉक्टरनं." एका माघातच तो गेला, हरभरा घाट्यावर असताना. युसूफभाई आला होता. मातीला सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि जाताना मला म्हणाला, "भाभी, हमने गजूभाऊ का जीव मांगा, उसमें क्या गलत किया? काही गलत नाही केलं." प्रश्नही त्याचा, उत्तरही त्याचं. तरी तो तिथंच उभा होता, मी काही बोलेन म्हणून.

पुढे मी निवृत्त झाले, हे गेले, मुलानं अमरावतीला घर केलं. इथं नळाला पाणी येतं, गोडं. पहिली काही वर्षं मला त्याची चवच कळायची नाही. तोंड मीठ शोधायचं.

परवाच्या त्या दोन पेंड्यांनी झोप उडवली. रविवारी एसटी धरून गावाला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोच हरभरा, तसाच. गावात शिरताना नवी टाकी दिसली, चांगली उंच, निळ्या रंगानं रंगवलेली. शेजारी एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं, "पाणी येते का इच्यात?" तो म्हणाला, "टाकी त आली ना आता."

शोभा ओसरीत सोले सोलत होती. मला बघून उठायला गेली आणि हातानं जमीन दाबून, थांबत थांबत उठली. केस पांढरे झाले होते. "या बाई, कळवाचं त असतं." आत गेली. घडवंचीवर दोन माठ होते. तेव्हाचे नसणार, पण जागा त्याच. उजवीकडच्यातून गडवा भरून तिनं माझ्या हातात दिला. घोट घेतला. गोडं.

"शोभे," मी म्हटलं, "मले आपल्या माठातलं दे ना."

"काहून? तुमी आता पावण्या." हसून म्हणाली ती. तिच्या मनात काही नव्हतं. मग ती डावीकडच्या माठाकडे वळली, स्वतःसाठी पाणी घ्यायला. गडवा नाही घेतला. खुंटीमागच्या फळीवरून स्टीलची वाटी काढली, कडेला पोचा आलेली. अर्धी भरली, उजेडात धरून बघितली, त्यातलं थोडं परत माठात ओतलं.

मी तिच्या पायांकडे बघितलं. लुगडं घोट्यापर्यंत होतं आणि घोटे दिसत नव्हते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. सोमवारी आन् गुरवारी जातो मी. त्यायचा पलंग होता ना खिडकीपाशी, तोच भेटला." ती माझ्याजवळ येऊन बसली आणि वाटीतलं पाणी जिभेनं ओलं केल्यासारखं प्यायली. "बरं झालं बाई, तवा हात वर केला आपन. नाईतर आता कुठी गेली असती मी?"

ती माझ्या हातातल्या गडव्याकडे बघत होती. म्हणाली, "प्या ना. तुमच्यासाठीच भरेल हाय."

मी प्यायले. पाणी गोडं होतं.